थॉमस रॉबर्ट माल्थस

थॉमस रॉबर्ट माल्थस (फेब्रुवारी १७६६ – २९ डिसेंबर १८३४) हे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ, धर्मोपदेशक आणि लोकसंख्याशास्त्राचे आद्य प्रवर्तक होते. लोकसंख्या अन्नपुरवठ्यापेक्षा वेगाने वाढू पाहते, हा त्यांचा सिद्धान्त १७९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून त्यावरील वाद थांबलेला नाही. जेथे अन्न आणि मजुरी वाढेल तेथे जन्मही वाढतील, असे त्यांनी मांडले. आजच्या जगात मात्र श्रीमंत देशांत जन्मदर सर्वांत कमी आणि गरीब देशांत सर्वांत जास्त आढळतो. या उलट चित्राची काही कारणे माल्थस यांनी आपल्या उत्तरायुष्यातील ग्रंथांत स्वतःच नोंदविली होती, ही गोष्ट त्यांच्या टीकाकारांप्रमाणेच त्यांच्या अनुयायांकडूनही बहुधा दुर्लक्षिली गेली आहे.

जन्म व शिक्षण

माल्थस यांचा जन्म इंग्लंडमधील सरे परगण्यात डॉर्किंग गावाजवळच्या ‘द रूकरी’ या घरी झाला. डॅनियल व हेन्रिएटा माल्थस यांच्या सात अपत्यांपैकी ते सहावे. घरात त्यांना रॉबर्ट याच नावाने संबोधले जाई. वडील सुखवस्तू, विद्याव्यासंगी आणि फ्रेंच विचारवंत रूसो यांचे निस्सीम चाहते होते. रॉबर्ट काही आठवड्यांचे असताना रूसो आणि तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम हे दोघे त्या घरी येऊन गेले होते. माणूस आणि समाज अमर्याद सुधारू शकतो, या त्या काळातील आशावादाच्या वातावरणात माल्थस वाढले. पुढे त्यांनी ज्याच्या विरोधात लेखणी उचलली तो हाच आशावाद होता.

त्यांना जन्मतः दुभंगलेला ओठ व टाळू होता. त्यामुळे त्यांचे उच्चार अखेरपर्यंत अस्पष्ट राहिले. आपले चित्र काढू देण्यास ते दीर्घकाळ तयार नव्हते. जॉन लिनेल यांनी १८३३ मध्ये काढलेले चित्र हेच त्यांचे परिचित चित्र होय. प्रारंभीचे शिक्षण घरी व खाजगी शिक्षकांकडे झाल्यावर ते वॉरिंग्टन येथील अकादमीत आणि १७८४ मध्ये केंब्रिजच्या जीझस कॉलेजात दाखल झाले. १७८८ च्या गणिताच्या परीक्षेत ते नववे रँग्लर ठरले. १७९३ मध्ये त्यांना याच कॉलेजची फेलोशिप मिळाली. ही फेलोशिप अविवाहित राहण्याच्या अटीवर असे आणि विवाह होताच ती सोडावी लागे. विवाह लांबणीवर टाकण्याचा जो उपदेश माल्थस यांनी पुढे केला, त्याचा अनुभव त्यांना अशा रीतीने स्वतःच्या आयुष्यात आलेला होता.

धर्मोपदेशकाची दीक्षा घेतल्यावर त्यांची नेमणूक सरेमधील ओकवुड येथील लहानशा चर्चमध्ये झाली. तेथील वस्ती शेतमजुरांची आणि अतिशय दरिद्री होती. बारशांची संख्या दफनांपेक्षा कितीतरी अधिक असूनही कुटुंबांची स्थिती मात्र सुधारत नव्हती. मजुरांच्या मुलांची वाढ खुंटलेली असते आणि चौदा-पंधरा वर्षांचा वाटणारा मुलगा चौकशीअंती अठरा-एकोणीस वर्षांचा निघतो, अशी नोंद त्यांच्या पहिल्या ग्रंथात आढळते. माल्थस यांना कठोर व पुस्तकी ठरविणाऱ्यांनी हा भाग सहसा विचारात घेतलेला नाही.

लोकसंख्येवरील निबंध

विल्यम गॉडविन आणि फ्रेंच गणिती काँदॉर्से यांनी फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात भावी समाजाचे अत्यंत उज्ज्वल चित्र रंगविले होते. विषमता नष्ट झाली की दारिद्र्य व गुन्हेगारी नाहीशी होईल, असे त्यांचे प्रतिपादन होते. या विषयावर डॅनियल आणि रॉबर्ट या पितापुत्रांत वाद झाला. वडील गॉडविनच्या बाजूचे होते. मुलाने आपले म्हणणे लिहून काढले आणि त्यातूनच १७९८ मध्ये ‘लोकसंख्येच्या तत्त्वावरील निबंध’ लेखकाच्या नावाशिवाय प्रसिद्ध झाला.

निबंधाचा मूळ युक्तिवाद थोडक्यात असा : अडथळा नसल्यास लोकसंख्या भूमिती श्रेणीने (१, २, ४, ८…) वाढते, तर अन्नोत्पादन फार तर अंकगणिती श्रेणीने (१, २, ३, ४…) वाढू शकते. उत्तर अमेरिकेतील नव्या वसाहतींत मुबलक जमिनीमुळे सुमारे २५ वर्षांत लोकसंख्या दुप्पट होत असल्याचा दाखला त्यांनी दिला. जुन्या देशांत असे घडत नाही, याचा अर्थ तेथे काही निरोध कार्यरत असले पाहिजेत. त्यांचे त्यांनी दोन वर्ग केले. उपासमार, रोगराई व युद्ध यांसारखे मृत्यू वाढविणारे नैसर्गिक निरोध हा एक. विवाह पुढे ढकलणे यांसारखे जन्म कमी करणारे प्रतिबंधक निरोध हा दुसरा. मजुरी वाढली की लोक लवकर विवाह करतात, मुले वाढतात, काही वर्षांनी मजुरांची संख्या वाढून मजुरी पुन्हा खाली येते, असे हे चक्र त्यांनी कल्पिले होते.

दोन श्रेणींचे हे सूत्र आकर्षक असले तरी सिद्धान्तातील तो सर्वांत कच्चा भाग होय. अन्नोत्पादन अंकगणिती श्रेणीनेच वाढेल याला कोणताही पुरावा नव्हता. इंग्लंडमध्ये तेव्हा जनगणनाही झालेली नव्हती. लोकसंख्या वाढत आहे की घटत आहे यावरच विद्वानांत मतभेद होते. पहिली जनगणना १८०१ मध्ये झाली आणि इंग्लंड व वेल्सची लोकसंख्या सुमारे ८९ लाख भरली.

प्रवास व दुसरी आवृत्ती

निबंधावर टीकेचा भडिमार झाल्यावर माल्थस यांनी पुरावे गोळा करण्याचे ठरविले. १७९९ मध्ये ते केंब्रिजमधील मित्रांबरोबर जर्मनी, स्वीडन, नॉर्वे, फिनलंड व रशिया या प्रदेशांत गेले. १८०२ मध्ये युद्धविरामाचा लाभ घेऊन त्यांनी फ्रान्स व स्वित्झर्लंडचा प्रवास केला. या प्रवासांमुळे एका तरुण पदवीधराच्या वादपटू पुस्तिकेचे रूपांतर देशोदेशींच्या माहितीवर आधारलेल्या मोठ्या ग्रंथात झाले.

नॉर्वेत त्यांना विवाह उशिरा होतात असे दिसले. शेतावर चाकरी करणाऱ्या तरुणाला घर व जमिनीचा तुकडा मिळेपर्यंत संसार थाटता येत नसे. सैन्यभरतीच्या यादीतील पुरुषांना तर कुटुंब पोसण्याची ऐपत असल्याचा धर्मोपदेशकाचा दाखला काही काळापूर्वीपर्यंत आवश्यक असे. जन्म कमी होते, पण त्याबरोबर मृत्यूही कमी होते आणि गरिबांची स्थिती तुलनेने बरी होती. स्वित्झर्लंडमधील लेझँ या डोंगराळ गावाबद्दल मुरे नावाच्या धर्मोपदेशकाने जमविलेली माहिती त्यांना विशेष महत्त्वाची वाटली. तेथे लोक दीर्घायुषी असत आणि जन्माचे प्रमाणही फार कमी होते. कमी लोक मरतात तेथे नव्या जन्मांना वाव कमी असतो, असे त्याचे स्पष्टीकरण माल्थस यांनी केले.

ज्युरा पर्वतातील एक प्रसंगही ग्रंथात आला आहे. त्यांची गाडी हाकणारा एक गरीब शेतकरी, आपल्या भागात लोक फार लहान वयात विवाह करतात, अशी तक्रार करीत होता. चाळिशीच्या आत कोणी विवाहच करू नये, असे त्याचे मत होते. त्याने स्वतः मात्र अगदी तरुण वयात विवाह केला होता. या सवयीचे मूळही त्याने सांगितले : पूर्वी तेथे दगडांना पैलू पाडण्याचा धंदा तेजीत होता आणि त्यात लहान मुलांनाही काम मिळे. मुले कमावती असल्याने मोठे कुटुंब परवडत असे. पुढे धंदा बसला, सवय मात्र राहिली. मुलांच्या कमाईचा आणि कुटुंबाच्या आकाराचा हा संबंध आजच्या जन्मदरविषयक अभ्यासात मध्यवर्ती मानला जातो. तो एका गाडीवानाच्या तोंडून माल्थस यांच्यापर्यंत पोहोचला होता.

१८०३ ची दुसरी आवृत्ती त्यांच्या नावानिशी निघाली आणि ती पहिलीपेक्षा कितीतरी मोठी होती. तीत ‘नैतिक संयम’ ही नवी कल्पना मांडली होती : कुटुंब पोसण्याची ऐपत येईपर्यंत विवाह न करणे व त्या काळात ब्रह्मचर्य पाळणे. यामुळे दुःख अटळ आहे हा पहिल्या आवृत्तीचा निराशाजनक निष्कर्ष सौम्य झाला. १८०६, १८०७, १८१७ आणि १८२६ या वर्षी पुढील आवृत्त्या निघाल्या.

गरीब कायद्यास विरोध

इंग्लंडमध्ये प्रत्येक पॅरिशने आपल्या हद्दीतील निराधारांना पोसण्याचा जुना कायदा होता. माल्थस यांच्या मते या मदतीमुळे मजूर ऐपत नसताना विवाह करीत, मुले वाढत आणि दारिद्र्य अधिकच पसरे. म्हणून हा कायदा टप्प्याटप्प्याने रद्द करावा, अशी त्यांची सूचना होती. नवा नियम झाल्यानंतर एका वर्षापुढे होणाऱ्या विवाहांतील अपत्यांना आणि दोन वर्षांपुढे जन्मणाऱ्या अनौरस मुलांना पॅरिशकडून काहीही मिळू नये, आणि विवाहाच्या वेळी धर्मोपदेशकाने तसे स्पष्ट बजावावे, अशी तिची रचना होती. दुसऱ्या आवृत्तीतील एका उताऱ्यात त्यांनी, ज्याला आईवडील पोसू शकत नाहीत आणि ज्याच्या श्रमाची समाजाला गरज नाही, त्याला निसर्गाच्या भोजनात जागा नाही, अशा अर्थाचे रूपक वापरले. त्यावर इतका गदारोळ झाला की पुढील आवृत्तीतून तो उतारा वगळण्यात आला. पण टीकाकारांनी त्याचा विसर पडू दिला नाही. कॉबेट, हॅझलिट आणि साउदी यांनी त्यांच्यावर तिखट हल्ले चढविले. पुढे मार्क्स व एंगल्स यांनीही दारिद्र्याचे मूळ समाजरचनेत नसून निसर्गात आहे असे दाखविणारा विचारवंत म्हणून त्यांचा समाचार घेतला.

ही टीका निराधार नव्हती. जे मूल जन्माला येऊन गेले, त्याने आईबापांच्या अविचाराची शिक्षा का भोगावी, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मालथस यांच्या ग्रंथात मिळत नाही. १८३४ मध्ये झालेल्या गरीब कायदा सुधारणेने धडधाकट गरिबांना वर्कहाऊसच्या कडक शिस्तीत आणले. तो कायदा माल्थस यांच्या सूचनेहून वेगळा असला तरी त्यामागील विचारसरणीवर त्यांचा ठसा स्पष्ट आहे. याउलट, गरिबांच्या मुलांसाठी सार्वत्रिक शिक्षणाची व्यवस्था असावी, असाही त्यांचा आग्रह होता. त्याकडे मात्र सत्ताधाऱ्यांनी तितक्या तत्परतेने लक्ष दिले नाही.

विवाह व हेलीबरी

१८०३ मध्ये लिंकनशायरमधील वॉल्सबी येथील धर्मपद मिळून उत्पन्नाची निश्चिती झाल्यावर, १८०४ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी माल्थस यांनी हॅरिएट एकरसॉल यांच्याशी विवाह केला. त्यांना हेन्री, एमिली व ल्यूसी अशी तीन अपत्ये झाली. ल्यूसी तरुणपणीच वारली. माल्थस यांना अकरा मुली होत्या, अशी एक आख्यायिका पुढे बराच काळ छापली जात असे. ती पूर्णतः खोटी आहे.

१८०५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या नव्या महाविद्यालयात इतिहास व अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. प्रथम हर्टफर्ड आणि १८०९ पासून हेलीबरी येथे असलेल्या या संस्थेत कंपनीचे भावी मुलकी अधिकारी शिकत. इंग्लंडमध्ये अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणून नेमले गेलेले ते पहिलेच मानले जातात. विद्यार्थी त्यांना ‘पॉप’ म्हणत. हे ‘पॉप्युलेशन’चे लघुरूप होते. मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे तीन दशके, ते याच पदावर राहिले आणि बंगाल, मद्रास व मुंबई इलाख्यांत जाणाऱ्या तरुणांच्या अनेक पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या.

अर्थशास्त्रीय लेखन

१८११ पासून डेव्हिड रिकार्डो यांच्याशी माल्थस यांची मैत्री जुळली. जवळजवळ प्रत्येक प्रश्नावर दोघांचे मतभेद होते आणि तरीही रिकार्डो यांच्या १८२३ मधील मृत्यूपर्यंत त्यांचा पत्रव्यवहार चालू राहिला. १८१५ मध्ये माल्थस यांनी जमिनीच्या खंडाविषयीचा सिद्धान्त प्रसिद्ध केला. त्याच वर्षी त्यांनी परदेशी धान्याच्या आयातीवरील निर्बंधांना पाठिंबा दिला, तर रिकार्डो खुल्या व्यापाराच्या बाजूने होते. १८२० च्या ‘अर्थशास्त्राची तत्त्वे’ या ग्रंथात, मागणीच्या अभावी सर्वच बाजारात माल पडून राहू शकतो, असे त्यांनी दाखविले. हा विचार शंभर वर्षे मागे पडला होता. विसाव्या शतकात केन्स यांनी त्याला योग्य स्थान मिळवून दिले.

याच ग्रंथात लोकसंख्येविषयी एक महत्त्वाचे विधान आहे. मजुरी वाढली की दोन परिणाम संभवतात : एक तर मुले वाढतील, नाही तर लोक अधिक चांगले अन्न, वस्त्र व घर यांची सवय लावून घेतील. कोणता परिणाम होईल हे लोकांच्या सवयींवर अवलंबून असते आणि या सवयी नागरी स्वातंत्र्य व शिक्षण यांमुळे घडतात. १७९८ मधील चक्र येथे अटळ राहत नाही.

माल्थस १८१८ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८२१ मध्ये स्थापन झालेल्या पोलिटिकल इकॉनॉमी क्लबच्या आणि १८३४ मधील लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या संस्थापकांतही ते होते. डिसेंबर १८३४ मध्ये नाताळासाठी बाथजवळ सासुरवाडीला गेले असता त्यांचे निधन झाले. बाथ येथील ॲबीमध्ये त्यांचे दफन करण्यात आले.

समृद्धी आणि जन्मदर

माल्थस यांच्या मृत्यूनंतर चार दशकांनी इंग्लंडचा जन्मदर घसरू लागला. १८७० च्या दशकात तेथील स्त्रीला सरासरी पाचच्या आसपास मुले होत. १९३० च्या दशकात ही संख्या दोनच्याही खाली गेली. या काळात अन्न महाग झाले नव्हते. उलट, मजुरी वाढली होती आणि अमेरिकेतून स्वस्त गहू येत होता. माल्थस यांच्या सूत्रानुसार जन्म वाढायला हवे होते. फ्रान्समध्ये तर ही घट अठराव्या शतकाच्या अखेरीसच, म्हणजे त्यांच्या हयातीतच, सुरू झाली होती.

कारणे अनेक आहेत आणि त्यांपैकी एकच निर्णायक म्हणता येत नाही. बालमृत्यू कमी झाले की दोन मुले जगावीत म्हणून पाच-सहा जन्मांची गरज उरत नाही. कारखाना कायदे व सक्तीचे शिक्षण यांमुळे मूल कमावते राहत नाही, खर्चाचे होते. निवृत्तिवेतन व बचतीची सोय झाली की म्हातारपणीचा आधार म्हणून मुलांकडे पाहण्याचे कारण कमी होते. स्त्रिया शिकल्या व नोकरी करू लागल्या की विवाहाचे वय वाढते, आणि किती मुले हवीत या निर्णयात त्यांचा आवाज येतो. गरीब देशात यांतील बहुतेक परिस्थिती अजून उलट असते. तेथे मूल शेतात व घरात हात लावते, म्हातारपणी सांभाळते आणि ते जगेलच याची खात्री नसते. मोठे कुटुंब हा तेथे अविचार नसून विमा असतो. गरिबांच्या अविवेकावर ठपका ठेवताना माल्थस यांच्या ध्यानात न आलेली बाब ती हीच.

आरोग्यसुधारणेमुळे मृत्युदर आधी घटतो आणि जन्मदर बऱ्याच उशिरा घटतो. मधल्या काळात लोकसंख्या झपाट्याने वाढते. या क्रमाला लोकसंख्या संक्रमण म्हणतात. वॉरन थॉम्पसन यांनी १९२९ मध्ये आणि फ्रँक नोटस्टाइन यांनी १९४५ मध्ये त्याची मांडणी केली. आज नायजरमध्ये स्त्रीला सरासरी सहा किंवा अधिक मुले होतात, तर दक्षिण कोरियात एकाहूनही कमी. नैसर्गिक निरोधांऐवजी स्वेच्छेने जन्म इतके घटतील, याची कल्पना माल्थस यांना नव्हती.

गर्भनिरोधाला तर त्यांचा ठाम विरोध होता. त्यांच्या मते तो अनैतिक होताच, शिवाय त्यामुळे माणसाची उद्योगशीलता मंदावेल, अशीही त्यांना भीती वाटे. फ्रान्सिस प्लेस यांनी १८२२ मध्ये माल्थस यांचे निदान मान्य करून उपाय मात्र संततिनियमनाचा सुचविला. १८७७ मध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ व ॲनी बेझंट यांच्यावरील खटल्यानंतर ‘माल्थुसियन लीग’ स्थापन झाली. ज्या उपायाला माल्थस यांनी निषिद्ध मानले, त्याच्या प्रचाराला त्यांचेच नाव मिळाले.

भारत व महाराष्ट्राशी संबंध

हेलीबरीत माल्थस यांच्याकडे शिकलेला आर. के. प्रिंगल हा अधिकारी मुंबई इलाख्यात आला. १८२० च्या दशकात त्याने पुणे जिल्ह्यातील जमिनीची महसूल आकारणी ठरविली. खंडाच्या नव्या सिद्धान्तानुसार एकूण उत्पन्नातून मशागतीचा खर्च वजा करून उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यावेत, असे तिचे तत्त्व होते. कागदावर निर्दोष दिसणारी ही आकारणी प्रत्यक्षात अतिशय जड ठरली. शेते ओस पडली आणि रयत गावे सोडू लागली. अखेर १८३५-३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी कमी दराची नवी पद्धत सुरू केली आणि पुढे तीच इलाखाभर रूढ झाली.

१८७६-७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये मोठी प्राणहानी झाली. त्या वेळी मदतीचा खर्च आवरण्याकडे सरकारचा कल होता आणि लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते, हा विचार त्यामागे होता. वस्तुतः १८७१ ते १९२१ या काळात भारताची लोकसंख्या युरोपच्या मानाने संथपणेच वाढली. खरी वाढ १९२१ नंतर, साथी व दुष्काळ आटोक्यात येऊन मृत्युदर घटल्यावर झाली.

मुंबईत १९२१ मध्ये रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमन केंद्र सुरू केले. या कार्यामुळे त्यांना विल्सन कॉलेजातील गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ मधील मृत्यूपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालविले. लोकसंख्येच्या आकड्यांपेक्षा स्त्रीचे आरोग्य व तिची इच्छा यांवर कर्वे यांचा भर होता, आणि त्या दृष्टीने ते माल्थस यांच्यापासून फार दूर उभे होते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारताचा एकूण जननदर प्रतिस्त्री २.० आढळला. बिहारमध्ये तो ३.०, महाराष्ट्रात १.७ आणि गोव्यात १.३ होता. केरळचा जननदर तो फारसा औद्योगिक नसतानाच, स्त्रीशिक्षण व आरोग्यसेवेच्या बळावर, इतर बहुतेक राज्यांच्या कितीतरी आधी दोनपर्यंत खाली आला होता.